रायफलीसाठी स्कोप निवडताना: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ जिंकलं आणि त्या आठवड्यापासून माझा फोन थांबला नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकचं पदक आणतो म्हटल्यावर घराघरांत रायफलीचा विषय निघणारच. पण फोन करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "रायफलीवर दुर्बीण कुठली लावू?" गेली बरीच वर्षं मी हौसेनं लोकांचे स्कोप बसवून आणि झिरो करून, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल असे जुळवून देतो. त्यातून जे कळलं, ते इथं लिहून ठेवतोय.

मुलगी आठवीत आहे, तिला स्पर्धेत उतरवायचंय. कुठला स्कोप घेऊ?

कुठलाच घेऊ नका. हे उत्तर ऐकून पालक थोडे हिरमुसतात, पण हजारो रुपये वाचवणारं उत्तर आहे. ऑलिंपिकला असलेल्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत रायफलीवर भिंग असलेली कुठलीही साइट चालत नाही. स्वप्नीलचं पदक स्कोपशिवायचं आहे. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून) जगज्जेती ठरलेली आपली तेजस्विनी सावंत, तिच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती.

तिथं असते ती पीप साइट. मागं बारीक छिद्राची चकती, पुढं छोट्या नळकांड्यात एक गोल कडी. डोळ्यानं छिद्रातून बघायचं, कडीत काळा गोल मधोमध धरायचा. सगळं काम समकेंद्री वर्तुळांचं. आपल्याकडच्या स्पर्धांत नवख्यांसाठी ओपन साइटचा (मागं छिद्राऐवजी उघडी खाच) वेगळा गट असतो, पुढं पीप साइटचा. मुलगी कुठल्या गटात खेळणार हे आधी प्रशिक्षकांना विचारा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय रायफलीला काहीही जोडू नका. स्कोपवर सवय झालेलं पोर पीप साइटवर आलं की त्याला भिंगातल्या मोठ्या चित्राची ओढ लागते. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकवायची शिस्तही ढिली पडलेली असते. ती परत बसवायला महिने जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग रेंजवर तिपाईवर दुर्बीण ठेवलेली दिसते, ती कशाला?

तो स्पॉटिंग स्कोप. तो रायफलीवर नसतो, शेजारी स्टँडवर असतो, आणि त्याला परवानगी आहे. ५० मीटरवर .२२ च्या गोळीचं भोक साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. काळ्या गोलातलं काळं भोक नुसत्या डोळ्याला दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर शॉट शेजारच्या पडद्यावर दिसतो, कागदी टार्गेटवर मात्र स्पॉटिंग स्कोप लागतोच. शिवाय वाऱ्याची झेंडी आणि उन्हात जमिनीवरून उठणारी झळ वाचायलाही तो कामाला येतो.

घ्यायचा असेल तर ६० ते ८० मिमी भिंगाचा, २० ते ३० पट दाखवणारा आणि डोळ्याकडची बाजू ४५ अंशांत वळलेला घ्या. सरळ नळीचा घेतला तर प्रोनमध्ये झोपलेल्या खेळाडूला प्रत्येक शॉटनंतर मान उचलावी लागते आणि जमलेली पोझिशन मोडते. स्टँड मजबूत हवा. डुगडुगणाऱ्या तिपाईवर ६० पट झूम काही कामाचा नाही.

मग रायफलीवरचा स्कोप नक्की कुणाला लागतो?

छंद म्हणून स्वतःच्या जागेत सुरक्षित आडोसा करून चांदमारी करणाऱ्याला. बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून मारणं) किंवा फील्ड टार्गेटची (मोकळ्या जागेत वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं) आवड असलेल्याला. रनिंग टार्गेट, म्हणजे सरकत्या लक्ष्याच्या प्रकारातही दुर्बीण चालते, पण तो प्रकार २००४ च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमधून गेला. आणि वय झाल्यावर ज्यांना पुढची साइट आणि टार्गेट एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, अशा जुन्या नेमबाजांना. या शेवटच्या गटासाठी मला फार आपुलकी वाटते. साठी ओलांडलेला माणूस स्कोप लावल्यावर पुन्हा पाच छर्रे एका नाण्याएवढ्या जागेत मारतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

३-९×४० म्हणजे काय?

पहिले दोन आकडे झूमचे: वस्तू तिपटीपासून नऊपट जवळ दिसते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४×३२ लिहिलं असेल तर झूम कायमचा चौपट, भिंग ३२ मिमी.

यातला भागाकार फार उपयोगाचा आहे. भिंगाचा व्यास भागिले झूम, म्हणजे डोळ्याकडं येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा आकार. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी. ४० भागिले ४ म्हणजे १० मिमी. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा काही फरक कळत नाही. संध्याकाळी ती पसरते, आणि त्या वेळी २४ पट झूम आणि ५० मिमी भिंग, म्हणजे जेमतेम २.१ मिमीचा गोल, असा स्कोप अंधारलेला दिसतो. शिवाय गोल लहान झाला की डोळा अगदी नेमक्या जागी धरावा लागतो, जरा हलला की कडेनं काळी चंद्रकोर येते.

जास्त झूम म्हणजे जास्त चांगला, असंच ना?

नाही. दुकानात काउंटरवर स्कोप हातात घेतला की प्रत्येक जण झूमची रिंग शेवटपर्यंत फिरवतो, आणि तिथंच फसतो. झूम वाढला की टार्गेट मोठं होतं, पण हाताचा कंपही तेवढ्याच पटीनं मोठा दिसतो. १६ पटीवर स्वतःच्या नाडीचा ठोकासुद्धा क्रॉसवर, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या फुलीवर उमटतो. नवखा माणूस तो ठोका बघून घाबरतो आणि क्रॉस मध्यावर आला रे आला की घोडा खेचतो. शॉट वाया.

१० ते २५ मीटरसाठी ४ ते ९ पट भरपूर झाला. ५० मीटरवर बेंचवरून मारायचं असेल तर १२ पर्यंत. त्याच्या वरचे आकडे बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारणाऱ्यांसाठी आहेत.

पॅरॅलॅक्स, पॅरॅलॅक्स म्हणतात ते काय असतं? खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

एअर रायफलीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसटीत खिडकीशी बसून डोकं हलवलं की काचेवरचा डाग बाहेरच्या झाडावरून सरकताना दिसतो. डाग आणि झाड वेगवेगळ्या अंतरावर आहेत म्हणून. स्कोपमध्ये क्रॉस हा तो डाग आणि टार्गेट हे झाड. टार्गेटची प्रतिमा नेमकी क्रॉसच्या पातळीवर पडली नाही, तर डोळा हलला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो. रायफल तसूभर हललेली नसते, तरी नेम चुकतो.

मोठ्या बोअरच्या रायफलींचे साधे स्कोप कारखान्यातून पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर बसवून येतात. .२२ साठीचे ५० यार्डांवर. असा १०० यार्डांचा, ४० मिमी भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा भिंगाच्या अगदी कडेला गेला, तर हिशेबानं चूक १७-१८ मिमीपर्यंत जाते. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिमी व्यासाचा आणि त्यातली दहाची खूण अर्ध्या मिलिमीटरची. म्हणजे क्रॉस बरोबर मध्यावर दिसत असताना छर्रा काळ्या गोलाच्या बाहेर.

म्हणून एअर रायफलीचा स्कोप घेताना पॅरॅलॅक्स जुळवायला पुढच्या भिंगाभोवती फिरणारी कडी किंवा डाव्या बाजूला चाक आहे का बघा, आणि त्यावरचा सगळ्यात लहान आकडा वाचा. तो १० किंवा त्याहून कमी हवा. मी स्वतः इथं चुकलोय. पहिला स्कोप घेतला तो ६-२४×५०, दिसायला रुबाबदार. चाकावर सगळ्यात लहान आकडा २५. गच्चीवर १० मीटरवर कार्ड लावलं तर काळा गोल शाई फुटल्यासारखा दिसायचा. झूम सहावर आणला की जरा बरं, पण मग २४ चे पैसे कशाला मोजले? विकणाऱ्यानं सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं.

तपासायची पद्धत सोपी. रायफल पिशव्यांवर घट्ट टेकवा, हात लावू नका, डोळा मागं ठेवून डोकं किंचित वर-खाली हलवा. क्रॉस टार्गेटला चिकटून राहिला तर जुळलं. सरकला तर कडी फिरवा.

माझी स्प्रिंगची एअर रायफल आहे. दणका तर काहीच नाही, मग कुठलाही स्कोप चालेल?

उलट आहे. स्प्रिंगची रायफल स्कोपला सर्वात जास्त छळते. घोडा सुटला की आत पिस्टन पुढं धावतो आणि रायफल मागं येते. पिस्टन त्याच्या सिलिंडरच्या टोकाशी थांबतो तेव्हा तीच रायफल झटक्यानं पुढं जाते. दोन दिशांचे दणके, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. मोठ्या बंदुकीचा स्कोप फक्त मागचा दणका सोसायच्या हिशेबानं बांधलेला असतो. पुढच्या झटक्यात आतली भिंगं ढिली होतात आणि क्रॉस वाकडा होतो किंवा तुटतो. म्हणून डब्यावर स्प्रिंग एअर रायफलीसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. पीसीपी, म्हणजे हवा भरलेल्या सिलिंडरच्या रायफलीला ही अडचण नाही.

दुसरा त्रास सरकण्याचा. दर शॉटला माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणारी पकड, केसभर मागं जातो. एक माणूस माझ्याकडं "क्लिक धरत नाहीत", म्हणजे जुळवलेला नेम टिकत नाही, म्हणून रायफल घेऊन आला. मी माउंटच्या मागच्या कडेला रेलवर (माउंट बसतो त्या रायफलीवरच्या पट्टीवर) पेन्सिलीची बारीक रेघ मारली आणि वीस छर्रे मारायला सांगितले. वीस छर्‍यांनंतर रेघ दिसेना, माउंट तिच्यावर चढून बसला होता. स्कोपचा काही दोष नव्हता. एकसंध माउंट घ्या, त्याला खाली स्टॉप पिन असते, ती रेलवरच्या भोकात बसवा. रेघ मात्र कायम मारून ठेवा.

माउंट कुठला बसेल?

बहुतेक एअर रायफली आणि .२२ वर ११ मिमीची डोव्हटेल खाच असते. मोठ्या रायफलींवर आडव्या खाचांची पिकॅटिनी किंवा वीव्हर रेल. आणि रिंगचा व्यास स्कोपच्या नळीएवढाच हवा: १ इंच म्हणजे २५.४ मिमी, किंवा ३० मिमी. ३० मिमी नळीत उजेड जास्त येतो ही समजूत चुकीची आहे. तिच्यात वर-खाली करायला जागा जास्त मिळते, इतकंच.

उंची शक्य तितकी कमी ठेवा. पुढचं भिंग रायफलीच्या नळीला टेकू नये आणि नळी मोडून भरायची रायफल असेल तर ती उघडताना अडू नये, एवढं बघा.

स्कोप घरी बसवता येतो का?

येतो. घाई करू नका, एक दुपार द्या. आणि पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा.

स्कोप रिंगमध्ये सैल ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सवयीच्या जागी टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळं असेल तर स्कोप पुढं-मागं सरकवा. बऱ्याच स्कोपना डोळ्यापासून ७५ ते १०० मिमी अंतर लागतं. झूम पूर्ण वाढवून तपासा, कारण तेव्हा अंतराची सूट कमी असते.

मग क्रॉस उभा करायचा. यासाठी गवंड्याच्या ओळंब्यासारखं साधन नाही. समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडा, रायफल सपाट धरा आणि उभी रेघ दोरीशी जुळवा. क्रॉस कलता राहिला तर एका अंतरावर सगळं ठीक वाटतं आणि अंतर बदललं की छर्रा बाजूला जायला लागतो. स्क्रू एकाआड एक, तिरके, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जोर लावून आवळलं तर स्कोपची नळी चेपते, आणि चेपलेली नळी परत सरळ होत नाही.

शेवटी डोळ्याकडची कडी फिरवून क्रॉस स्पष्ट करा. मोकळ्या आकाशाकडं किंवा पांढऱ्या भिंतीकडं दोन-तीन सेकंदच बघा आणि नजर काढा. जास्त वेळ बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. सूर्याच्या दिशेला चुकूनही नाही.

क्लिकचा हिशेब कसा करायचा?

टरेट, म्हणजे नेम हलवायची स्कोपवरची गोल टोपी, फिरवली की एकेक टकटक येते, तो क्लिक. बहुतेक स्कोपवर १/४ एमओए लिहिलेलं असतं; एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एका क्लिकला साधारण ७.३ मिमी, २५ मीटरवर १.८ मिमी, १० मीटरवर पाऊण मिलिमीटरच्या आत. म्हणजे छर्रे १८ मिमी खाली लागत असतील तर २५ मीटरवर १० क्लिक, आणि १० मीटरवर २५ क्लिक. मिलचा (कोनाचंच दुसरं माप) स्कोप असेल तर हिशेब आणखी सोपा: ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १० मिमी, १० मीटरवर १ मिमी.

एका छर्‍यावर टरेट फिरवू नका. पाच मारा, पाचांचा मध्य काढा, तो मध्य हलवा. टरेटवरचा बाण छर्रा कुठं जाईल ते सांगतो, क्रॉस कुठं जाईल ते नाही. इथं भले भले उलटं फिरवतात.

आणखी एक. स्कोप रायफलीच्या नळीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर बसलेला असतो. २५ मीटरला झिरो केलेली एअर रायफल १० मीटरवर काही मिलिमीटर खाली मारते. ते बिघाड नाही.

क्रॉस कुठल्या प्रकारचा चांगला?

कार्डावर मारायला साधा बारीक क्रॉस, मध्ये छोटा ठिपका. अंतर बदलत मारणार असाल तर मिलडॉट, म्हणजे रेघांवर ठरावीक अंतरानं ठिपके असलेला. पण बहुतेक परवडणाऱ्या स्कोपमध्ये झूम बदलला की ठिपक्यांचं माप बदलतं, ते एकाच झूमवर, बहुधा सर्वात जास्त झूमवर, खरं असतं. लाल-हिरवा दिवा लागणारा क्रॉस दिवसा उपयोगाचा नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

चष्मा आहे. काढून बघू का?

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर डोळ्याकडच्या कडीनं जुळतं. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवा आणि डोळ्यापासून अंतर जास्त देणारा स्कोप निवडा. माझं मत विचाराल तर चष्मा ठेवाच, डोळ्याचं रक्षणही होतं.

परवाना लागतो का?

४.५ मिमी, म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. .२२ बोअरच्या एअर रायफलीला लागतो, आणि .२२ च्या काडतुसाच्या रायफलीला तर लागतोच. परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असं नव्हे. २० ज्यूलचा छर्रा डोळा फोडतो. मागं भक्कम आडोसा नसेल तर गल्लीत, गच्चीवर एकही छर्रा सुटता कामा नये.

उसात डुकरं आणि गवे शिरतात. त्यासाठी स्कोप सुचवा.

नाही सुचवणार. नुकसान किती होतं हे मला माहीत आहे, एका रात्रीत अर्धा एकर उभा ऊस आडवा झालेला पाहिलाय. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं दोन्ही जनावरांना संरक्षण आहे, आणि वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गोळी चालवली तर शेतकरीच तुरुंगात जातो. पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा. एअर रायफलीनं डुकराला मारायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. जखमी जनावर माणसावर येतं आणि हाल होऊन मरतं ते वेगळंच.

पावसाळ्यात स्कोप कसा ठेवावा?

आपल्याकडं हा प्रश्न स्कोप घेण्याइतकाच महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या भिंतींनाही ओल येते, राधानगरी-गगनबावड्याकडं तर कपाटातले कपडे दमट होतात. भिंगावर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. एकदा आतल्या भिंगावर चढली की घरी निघत नाही.

घेतानाच नायट्रोजन भरलेला, पाणी न शिरणारा स्कोप घ्या. आणि जून ते ऑक्टोबर तो फोमच्या रेक्झिन बॅगेत ठेवू नका, फोम ओल धरतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, दमले की कळतात. भिंग पुसताना आधी ब्लोअरनं धूळ उडवा, मग लेन्सचं कापड. शर्टाच्या टोकानं पुसलेलं भिंग मी उजेडात धरून दाखवतो लोकांना, सगळे ओरखडे मोजता येतात.

जुना किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारा स्कोप घ्यावा का?

ऑनलाइन नामांकित कंपनीचा स्कोप अविश्वसनीय भावात दिसला तर तो नकली समजा. नकली मालावर नाव, खोका, सगळं हुबेहूब असतं. सिरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्या.

जुना घ्यायला हरकत नाही, पण हातात घेऊन. नळीवर रिंगचे खोल वळ नकोत. हलवल्यावर आत खुळखुळ नको. पुढून टॉर्च मारून मागून बघा, बुरशीचे धागे लगेच दिसतात. मग विकणाऱ्याला सांगा, "दादा, पाच छर्रे मारून बघतो." पहिला छर्रा मारा. टरेट २० क्लिक उजवीकडं फिरवा, दुसरा. २० वर, तिसरा. २० डावीकडं, चौथा. २० खाली, पाचवा. नेम मात्र प्रत्येक वेळी त्याच एका ठिपक्यावर. कार्डावर चौकोन उमटेल. पाचवा छर्रा पहिल्याच भोकाशी लागला तर पैसे द्या. बोटभर बाजूला लागला तर स्कोप त्याच्या हातात परत द्या.